दुखतंय म्हणून

आमच्या घरात बाईला भरदिवसा आडवं व्हायला एकच कारण चालतं, ते म्हणजे बाळंतपण. ताप असला तर ती डोक्याला फडकं बांधून भाकरी थापते. कंबर धरली तर ओवा चघळत शेण काढते. म्हणून वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माझी गर्भपिशवी काढली आणि दवाखान्यातून मला घरी आणलं, तेव्हा या बाईचं आता करायचं काय, हे सासूबाईंना कळेना. मग त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. त्यांनी मला बाळंतीण केलं.

आमचं गाव कऱ्हाडपासून आत, उसाचं. सासरे फौजेतून निवृत्त होऊन शेती बघतात, नवरा अजून फौजेत आहे, आणि घरात सासूबाई, धाकटी जाऊ, दीर आणि त्यांची मुलं. माझी दोन्ही मुलं शिकायला बाहेरगावी असतात. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. मी हायवेवरच्या शाळेत भूगोल शिकवते. गेली काही वर्षं मी नद्या आणि पर्वत शिकवता शिकवता खुर्चीवरून उठताना आधी मागं हात फिरवून साडी चाचपत होते. पिशवीत गाठी होत्या. रक्त इतकं जायचं की फळ्याजवळ उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, देवाचे अंगारे झाले. शेवटी मलकापुरातल्या एका दवाखान्यात पोट उघडून पिशवी काढली.

टाके दुखणार हे माहीत होतं. बाकीचं कुणी सांगितलं नव्हतं. पोटात वारा अडकतो आणि त्याची कळ टाक्यांपेक्षा जबर असते. शिंक येऊ लागली की माणूस देवाचा धावा करतो. कूस बदलायची म्हणजे आधी गुडघे, मग ढुंगण, मग खांदा असं सगळं अंग हप्त्याहप्त्यानं वळवावं लागतं. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाची होती. तिनं घरी सोडताना मला दोन गोष्टी बजावल्या. खोकताना, हसताना, उठताना पोटावर उशी दाबून धरायची. आणि दुखण्याची वाट बघत बसायची नाही, पहिले काही दिवस घड्याळ बघून गोळी घ्यायची. "दुखणं एकदा चढलं की उतरवायला जड जातं," ती म्हणाली. "सहन केलं म्हणून जखम लवकर भरत नाही. उलट दुखतं म्हणून तुम्ही हलणार नाही, नीट श्वास घेणार नाही, आणि त्यानं त्रास वाढेल."

आत्ती तिथंच उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली. ती मान होकाराची होती असं मी समजले.

घरी आले तर माजघरात बाज टाकलेली. तिच्यावर गोधडी, उशाला पाण्याचा तांब्या आणि कोयता. बाळंतिणीच्या उशाला लोखंड ठेवतात, म्हणजे काही बाहेरचं लागत नाही. बाजेखाली शेगडी, शेगडीत निखारे, निखाऱ्यांवर ओवा. पितळी डब्यात डिंकाचे लाडू. आत्तींनी जुन्या लुगड्याचा पट्टा फाडून ठेवला होता. दवाखान्यानं पोटाला पट्टा दिलेला असताना त्यावरून त्यांनी तो गच्च आवळला. "वारा भरतोय पोटात," त्या म्हणाल्या. त्यांचे हात मऊ होते, हेही सांगायला हवं. त्या मनापासून करत होत्या. माझ्या दोन्ही बाळंतपणांत याच हातांनी मला न्हाऊ घातलं होतं. पण तेव्हा शेजारी बाळ होतं आणि पोटाला टाके नव्हते.

दुपारपर्यंत निखाऱ्यांनी बाज तापली. घामानं टाक्यांवरची पट्टी ओली झाली. आवळलेल्या पट्ट्यात श्वास वरच्या वर राहायला लागला आणि कळ चढायला लागली, आधी ओटीपोटात, मग कमरेत, मग मांड्यांपर्यंत. गोळीची वेळ टळून गेली होती. मी गोळ्यांची पाकिटं शोधली. उशाशी नव्हती. जाऊबाईला विचारलं तर ती पदरात तोंड लपवून स्वयंपाकघरात गेली. मग कळलं. सासऱ्यांची फौजेतली काळी लोखंडी पेटी आहे, तिच्यात गोळ्या गेल्या होत्या आणि पेटीची किल्ली आत्तींच्या कनवटीला होती.

"आत्ती, गोळी द्या," मी म्हणाले.

"गरम पडत्यात गं त्या," त्या म्हणाल्या. "ओल्या अंगाला गोळ्या देत न्हाईत. लाडू खा. दम काढ जरा."

"दुखतंय मला."

"दुखणारच की. पर गोळीनं दूध आटतंय."

मला आधी वाटलं, मला भ्रम झाला. मग मी म्हणाले, "दूध? आत्ती, आटून कुणाचं नुकसान हुनार हाय?"

आत स्वयंपाकघरात जाऊबाई फिस्सकन हसली. तिच्या मागोमाग मलाही हसू फुटलं, आणि उशी हाताशी नव्हती. त्या हसण्यानं टाक्यांतून अशी कळ गेली की हसता हसता मी रडायला लागले, आणि रडण्यानंही तेवढंच दुखतं. दुधाचं ते आत्तींच्या तोंडून सवयीनं गेलं होतं. चाळीस वर्षं गावातल्या बायकांना त्यांनी बाजेवर हेच सांगितलं होतं आणि एकदाही बाजेवर मूल नव्हतं असं झालं नव्हतं. पण शब्द मागं घ्यायच्या त्या नव्हेत. "हसायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "आमच्या टायमाला असलं फाजील लाड न्हवतं. मी कॅम्पात जाऊन नसबंदी केली, जीपगाडीतनं घरी आले नि तिसऱ्या दिशी वैरण काढली."

ही वैरण मी लग्न झाल्यापासून ऐकत होते. माझ्या पहिल्या बाळंतपणात ऐकली, दुसऱ्यात ऐकली, दात काढला तेव्हाही ऐकली. त्या दिवशी मला तिचा संताप आला. उगाच आला नाही, नीट आला. मी उशाचा तांब्या उचलला, बाजेवरून हात खाली सोडला आणि सगळं पाणी शेगडीत ओतलं.

वाफ उठली. राख सारवलेल्या जमिनीवर, गोधडीवर, लाडवांच्या डब्यावर उडाली. आमच्याकडं बाळंतिणीच्या बाजेखालचा विस्तव असा कुणी विझवत नाही. जाऊबाई दारात येऊन थिजली. मी पट्ट्याची गाठ सोडायला लागले, ती माझ्याच्यानं सुटेना, तर जाऊबाईला म्हणाले, "सोड." तिनं सासूकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि सोडली. भरून श्वास आला. दुखलं, पण आला.

आत्तींनी कनवटीची किल्ली काढली, पेटी उघडली आणि गोळ्यांची पाकिटं माझ्या अंगावर टाकली. "घे. समद्या एकदम गीळ," त्या म्हणाल्या आणि परसात निघून गेल्या.

मी एक घेतली आणि घड्याळ बघितलं. मग जाऊबाईकडून मोबाईलमध्ये गोळीच्या वेळांचा गजर लावून घेतला. तो गजर एवढा कर्कश होता की गोठ्यातल्या म्हशीही माना वर करायच्या. गंमत म्हणजे त्याला घरातून पहिला पाठिंबा सासऱ्यांनी दिला. त्यांना दुखण्यातलं काही कळत नव्हतं, पण वेळ कळत होती. गजर झाला की ओसरीवरून ते दणक्यात ओरडायचे, "टायम झाला." आत्ती त्यावर भांडी जोरात आपटायच्या.

पुढचे दिवस बघायला येणाऱ्या बायकांचे. भावकीतल्या, वाड्यावस्तीवरच्या, माझ्या माहेरच्या तासगावकडच्या. येताना ग्लुकोज बिस्किटांचा पुडा आणायचा, बाजेच्या कडेला टेकायचं, टाके किती पडले विचारायचं आणि शेवटी म्हणायचं, "झालीस बाई मोकळी." प्रत्येकीनं म्हटलं. कशातून मोकळी झाले ते कुणी सांगितलं नाही. मला मोकळं काही वाटत नव्हतं. मला पोटात पोकळ वाटत होतं आणि त्या पोकळीत दुखत होतं. दोन लेकरं ज्या पिशवीत वाढली ती गेली याचं वाईटही वाटत होतं. ते मी एकदा बोलून दाखवलं तर एक चुलतसासू म्हणाली, "गेली ती पीडा गेली. आता कामाला लागायला मोकळी." तेव्हा कळलं, मोकळी म्हणजे काय ते.

आत्ती प्रत्येकीला वैरणीची गोष्ट सांगायच्या. मी प्रत्येकीसमोर गजर वाजला की गोळी घ्यायचे. असं आमचं चाललं होतं.

आणि मग गावची जत्रा आली.

नवरा सुट्टी घेऊन आला. आमच्याकडं जत्रेला पहिल्या दिवशी देवाला पुरणपोळीचा निवद जातो आणि घराघरांत पाहुण्यांच्या पंगती उठतात. निवद थोरल्या सुनेच्या हातचा. लग्न होऊन आल्यापासून तो मीच करत आलेय, तापात केलाय, पोटुशी असताना केलाय. या वेळी माझ्या गोळ्या कमी झाल्या होत्या, मी घरातल्या घरात फिरत होते, पण जरा वेळ बसलं की ओटीपोट ओढायला लागायचं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं दवाखान्यानं बजावलेलं होतं. चुलीपुढं बसून शंभरेक पोळ्या लाटायच्या म्हणजे काय, हे ज्यानं लाटल्यात त्यालाच माहीत.

आदल्या दिवशी आत्ती माझ्या बाजेपाशी आल्या. "उद्या पहाटं उठ," त्या म्हणाल्या. "बसून तर लाटायच्या हायत. उचलायचं काय न्हाई."

"आत्ती, अजून सव्वा महिना झाला न्हाई."

"सव्वा महिना लेकरासाठी असतोय. लेकरू कुठं हाय?"

हे त्यांनी टोचायला म्हटलं नव्हतं. पण मला लागलं. आणि लागल्याबरोबर मला एक गोष्ट सुचली. मी म्हणाले, "लेकरू न्हाई, तर मग शेगडी कशाला लावली? लाडू कशाला चारलं? उशाला कोयता ठेवला, गोळ्या काढून घेतल्या, तवा मी बाळंतीण हुते. मग आता बी हाय. बाळंतिणीला सव्वा महिना विटाळ. माझ्या हातचा निवद देवाला चालतोय का?"

आत्तींनी स्वतःच बांधलेल्या गोठ्यात त्यांचीच म्हैस अडकली होती. विटाळ मोडायची त्यांची छाती नव्हती. शेवटी निवद त्यांनी स्वतः करायचं ठरवलं आणि बाकीच्या पोळ्यांना शेजारच्या बायका बोलावल्या. जाऊबाईनं पीठ मळायला घेताना मला बजावलं, "माझा नंबर लागंल तवा मी बी अशीच झोपनार हाय. ध्यानात ठेवा." मी म्हणाले, "तुझ्या पोळ्या मी लाटीन."

जिंकले होते. खुशाल पडून राहायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर पंगत बसली, माजघराचं दार उघडं होतं आणि मला भिंतीला टेकून बसलेलं सगळे बघत होते. म्हसवडहून आलेल्या मावससासूबाई वाढता वाढता थांबल्या. "थोरली का गं बसून?" त्यांनी आत्तींना विचारलं.

"विटाळ हाय तिला," आत्ती पटकन म्हणाल्या.

मावससासूबाई मान डोलावून पुढं सरकल्या. झालं. विषय संपला. सगळ्यांना पटलं. आणि मला ते पटणं सहन झालं नाही. माझं पोट फाडून शिवलेलं होतं, मला दुखत होतं, आणि बसून राहायची परवानगी मला विटाळामुळं मिळत होती. दुखणं हे कारणच नव्हतं. देवाला शिवायचं नाही म्हणून बाई बसली तर चालतं, दुखतंय म्हणून बसली तर ती आळशी. आज मी गप्प बसले तर उद्या जाऊबाईलाही असंच काहीतरी शोधत बसावं लागणार होतं.

मी उशी पोटावर धरली आणि उठून दारात आले. "मावशी, मला विटाळ न्हाई," मी म्हणाले. आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "माझी पिशवी काढलीय. पोटाला टाकं हायत. मला अजून दुखतंय. दुखतंय म्हणून मी उठत न्हाई. दुसरं काय कारन न्हाई."

पंगतीतले हात थांबले. गडीमाणसांनी पत्रावळीत बघितलं. पिशवी हा शब्द बायका स्वयंपाकघरातही खालच्या आवाजात बोलतात, तो मी आमटी-भाताच्या पंगतीत बोलले होते. सासरे घसा खाकरून म्हणाले, "वाढा, आमटी गार हुतीय." एवढंच. मग वाढप पुढं सुरू झालं.

आत्तींचं तोंड उतरलं होतं. पाहुण्यांदेखत मी त्यांना खोटं पाडलं होतं.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "एवढं चारचौघांत बोलायची काय गरज होती?"

"तुमचा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा भावकीच्या ग्रुपवर तुम्ही फोटो टाकला होता," मी म्हणाले. "त्यावर सगळ्यांनी हात जोडलेले पाठवले होते. माझा फोटो टाकू का?" तो हसला, पण ओशाळून. सुट्टी संपेपर्यंत मग रोज सकाळी माझा चहा तो स्वतः आणून द्यायचा. आत्ती मात्र माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. जेवण पुढं यायचं, शब्द यायचा नाही. मला वाईट वाटत होतं. पण बोललेल्यातलं एक अक्षर मी परत घेणार नव्हते.

सव्वा महिना झाल्यावर तपासायला जायचं होतं. नवरा परत गेला होता. जाऊबाईचा मुलगा आजारी होता. मी एकटी निघाले तर आत्ती पायात चपला घालून दारात उभ्या. माझ्याबरोबर रिक्षात बसल्या आणि मलकापूर येईपर्यंत बाहेरचा ऊस बघत राहिल्या.

डॉक्टरीणबाईनं टाके बघितले, पोट दाबून बघितलं. "छान भरलंय," ती म्हणाली. "दुखतं का?"

"जास्त चाललं की दुखतं. पण मी गोळी घेते आणि बसते."

"तसंच करायचं."

मी उठले. आत्ती उठल्या नाहीत. खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या, नेहमी बसतात तशा, एका मांडीवर भार टाकून. मला वाटलं पाय अवघडला असेल. त्यांनी डॉक्टरीणबाईकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. मी शिकलेली, मी बोलेन, असं काहीतरी त्या नजरेत होतं. पण काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं.

"माझं बी बघा," आत्ती म्हणाल्या.

"काय होतंय आजी?"

"दुखतंय." मग एकदम बांधावरून हाक मारावी तशा आवाजात म्हणाल्या, "खालनं अंग भायेर येतंय. चाललं की येतंय, बसलं की टोचतंय. फडकं लावून चालते मी."

बाहेर बाकावर माणसं होती आणि दार अर्धं उघडं होतं. मी ते लोटायला निघाले तर आत्ती म्हणाल्या, "असू दे."

"किती दिवसांपासून?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.

"धाकटा झाला तवापासनं."

धाकट्या दिरांचं लग्न होऊन आता त्यांची मुलं शाळेत जातात. मी परत खुर्चीवर बसले.

"एवढी वर्षं? कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगनार? उठायला तर लागतच हुतं."

डॉक्टरीणबाई पडद्याकडं बोट दाखवून म्हणाली की तपासावं लागेल, थोडं दुखेल. आत्ती उठल्या. मी हात पुढं केला तो त्यांनी धरला नाही. पडद्याजवळ पोचल्यावर त्या वळल्या आणि त्या जत्रेनंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या.

"तू भायेर बस," त्या म्हणाल्या. "आवाज आला तर आत यिऊ नगंस. मी वरडनार हाय."

मी बाहेर बाकावर जाऊन बसले. आणि त्या ओरडल्या. शेजारचा म्हातारा दचकून दाराकडं बघायला लागला, नर्स पळत निघाली. मी तिला म्हणाले, "ओरडू द्या."